दुरुस्तीला 20 टक्के व्हॅट, नवीन बांधलं तर शून्य: ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय अर्थमंत्री, युनायटेड किंगडम, यांस
स. न. वि. वि.

जुन्या चॅपलांच्या, म्हणजे छोट्या ख्रिस्ती प्रार्थनागृहांच्या, दुरुस्तीवर तुम्ही जो व्हॅट लावता त्याबद्दल हे पत्र. इंग्रजी पत्र तुमच्या ऑफिसला गेलंय, हे मराठीतलं आमच्या इथल्या मंडळींसाठी. मी डर्बीत राहतो, मेथडिस्ट (हा एक ख्रिश्चन पंथ) सोडा, ख्रिश्चनही नाही. पण पाहुणे आले की मॅटलॉक बाथला नेतोच, नदीकाठी चिप्स खायच्या आणि समोरच्या कड्यांकडे बोट दाखवून माझं लेक्चर सुरू.

1761 च्या जुलैत मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली इथे आला, ऐन सीझनला. औषधी पाण्यासाठी आलेली नटूनथटून मंडळी जमलेली आणि हा बाबा कड्याच्या कपारीखाली उभा राहून प्रवचन देतोय. डायरीत लिहितो की वाईट फार थोडे वागले (म्हणजे थोडे वागलेच की!), आणि परत जाताना एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने थांबवून सुनावलं, श्रद्धेबिद्धेचं काय बोलता, सगळी बकवास.

पुढे जॉन स्मेडली. होजिअरी मिलचा मालक, जलोपचाराने स्वतः बरा झालेला, मेथडिझमकडे वळलेला. 1853 मध्ये त्याने शेजारच्या मॅटलॉकच्या चढावर हायड्रो, म्हणजे जलोपचाराचं केंद्र, चालवायला घेतलं. ओल्या चादरीत गुंडाळायचं, पाण्याने अंघोळ घालायची आणि वर प्रवचन, पेशंट पळणार कुठे! आज त्याच इमारतीत काउंटी कौन्सिलचं ऑफिस आहे.

मोठ्या इमारती निभावतात हो. प्रश्न छोट्या चॅपलांचा आहे. मेथडिस्टांचेच गट, वेस्लियनांचं वेगळं, प्रिमिटिव्हवाल्यांचं वेगळं, 1932 ला सगळे एक झाले आणि एकेका गावात दोन-दोन चॅपलं उरली. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या चॅपलचं कर्ज फेडायला माणशी आठवड्याला एक पेनी काढायचं ठरलं, आपल्या वर्गणीसारखंच, तेव्हापासून ही माणसं पै-पै जमवतच आलीत.

आणि तुम्ही काय करता? धर्मादाय कामासाठी नवीन इमारत बांधली तर व्हॅट शून्य, जुनीचं छप्पर शाकारलं तर 20 टक्के. लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असलेल्या, प्रार्थनास्थळांना ग्रँटमधून तो परत मिळायचा, त्यालाही 2025 मध्ये वर्षाला 25,000 पाऊंडांची मर्यादा घातलीत. लिस्टेड नसेल तर तेही नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात अशाच एका चॅपलमध्ये चहाला गेलो होतो, हॉलमध्ये तीन बादल्या मांडलेल्या आणि एक आजी गप्पा मारता मारता उठून भरलेली बादली ओतून येत होत्या. त्यांनी छपराचं कोटेशन दाखवलं, व्हॅटच्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल केलेला.

शून्य नको, निदान तुमचा तो 5 टक्केवाला दर तरी दुरुस्तीला लावा. या पावसाळ्याआधी जमलं तर बघा, म्हणजे इथे तो बाराही महिने असतो म्हणा.

आपला,
डर्बीचा एक करदाता