3416 च्या पुढचंही वाचा

लीड्स (इंग्लंड), 8 नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी पडली आहे, पण घरात हीटर आहे, जाड कोट आहे आणि जेवण वेळेवर होतं. बाबांना मोबाईलवर वाचायला त्रास होतो, म्हणून भाऊला याची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढायला सांगितलं आहे. सावकाश वाचा आणि छोटीलाही वाचून दाखवा.

छोटीच्या पोटातलं बाळ मोठं आहे, सिझर लागेल म्हणून परवा फोनवर आई रडली तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. ‘तू तिकडे दिवसभर गरोदर बायकांच्या तपासण्यांचंच काम करतेस, मग स्पष्ट का सांगत नाहीस?’ असं ती म्हणाली. आई, मी टाळत नव्हते. स्पष्ट सांगायचं तर थोडं लांबण लावावं लागतं, म्हणून हे पत्र.

भाऊने पाठवलेला बुधवारच्या सोनोग्राफीचा फोटो मी दोनदा वाचला. त्यावर लिहिलंय: वजन 3416 ± 512 ग्रॅम. घरात सगळ्यांनी 3416 वाचलं, त्यात पुढच्या तीन आठवड्यांची वाढ मिळवली आणि ‘चार किलोचं बाळ’ म्हणून धास्ती घेतली. पुढचे 512 कुणीच वाचले नाहीत. त्याचा अर्थ असा की बुधवारी बाळ 2904 ग्रॅमचं असू शकेल किंवा 3928 ग्रॅमचं. तीन किलोच्या थोडं अलीकडे ते चार किलोला टेकलेलं, यांतलं काहीही. 512 हा 3416 च्या 15 टक्के आहे. यात डॉक्टरांची चूक नाही, मशीनही बिघडलेलं नाही. चांगल्या मशीनवर, चांगल्या हाताखाली, शेवटच्या महिन्यात इतकाच नेमकेपणा मिळतो. म्हणून तर ते छापतात.

मशीन बाळाला तोलत नाही. ते चार मापं घेतं: डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. ही चार मापं एका सूत्रात घालून वजन काढतात. बहुतेक मशीनांत हॅडलॉक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचं 1985 चं सूत्र असतं. छोटीच्या रिपोर्टवर ही मापं 91, 330, 354 आणि 71 मिलिमीटर आहेत. या चौघांत वजन सगळ्यात जास्त हलवतं ते पोटाचं माप, आणि नीट घ्यायला अवघडही तेच. बाळाच्या पोटाचा आडवा छेद बरोबर त्या पातळीवर मिळावा लागतो जिथे जठर दिसतं आणि यकृतात शिरणारी नाळेची शीर वळताना दिसते. मूत्रपिंड दिसलं तर पातळी खाली घसरली. छेद तिरका गेला तर गोल लांबट होतो आणि घेर वाढतो. पोटावर फिरवायचा प्रोब जास्त दाबला तर पोट चपटं होतं. बाळ श्वासाची हालचाल करत असेल तर कडा सरकत राहतात. शेवटच्या आठवड्यांत बाळाभोवतीचं पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळे बाळाची कातडी कुठे संपते आणि गर्भाशयाची भिंत कुठे सुरू होते तेही धूसर होतं.

मी छोटीचीच मापं सूत्रात घालून पाहिली. बाकीची तीन तशीच ठेवली आणि पोटाचा घेर 354 ऐवजी 344 धरला, तर वजन 3258 येतं. घेरातला 1 सेंटिमीटर म्हणजे पडद्यावर व्यासात जेमतेम 3 मिलिमीटर. तेवढ्याने साधारण 160 ग्रॅम इकडचे तिकडे होतात. डोकं खाली बसलेलं असेल तर त्याचं मापही बिनचूक मिळत नाही. शिवाय चरबी आणि स्नायू यांचं वजन आकार सारखा असला तरी वेगळं असतं, ते सूत्राला कळत नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी तपासणी केली तर दोन वेगळे आकडे येतील, आणि दोन्ही प्रामाणिक असतील.

म्हणून आई, ‘पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन दुसरी सोनोग्राफी करून घेऊ’ हा विचार सोड. बाळ आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढतं आणि मापातली चूक त्याच्या दुपटीहून जास्त असू शकते. वाढ बघायची तर दोन मापांमध्ये किमान दोन आठवडे, खरं तर तीन आठवडे, जावे लागतात. उगाच आणखी एक आकडा घरात येईल आणि पुन्हा कुणी झोपणार नाही. डॉक्टरांनी पाणी किंवा नाळेतला रक्तपुरवठा बघायला बोलावलं तर मात्र जायचंच, ती तपासणी वेगळी.

हे पटावं म्हणून इथली एक पद्धत सांगते. मला सुरुवातीला ती अजब वाटली होती. इथे साधी बाळंतपणं मिडवाइफ करतात, म्हणजे शिकलेल्या, परवाना असलेल्या सुईणी. सव्वीस-अठ्ठावीस आठवड्यांनंतर दर दोन-तीन आठवड्यांनी त्या पोट मोजतात, आणि टेप उलटी धरतात. आकड्यांची बाजू पोटाकडे, कोरी बाजू वर. बाईला आधी लघवीला जाऊन यायला सांगतात, कारण मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय वर उचललं जातं. तिला थोडी डोक्याकडून उंच अशी निजवतात. दोन्ही हातांनी गर्भाशयाचा सगळ्यात वरचा भाग चाचपतात. तो मधोमध नसून उजवीकडे झुकलेला असला तर तिथूनच मोजायचं, ओढून मध्ये आणायचं नाही. तिथे टेपेचं टोक धरून ती खाली ओटीपोटाच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत, कातडीला लागून आणायची. हाडाशी बोटाने चिमटीत पकडायची आणि मगच उलटी करून आकडा वाचायचा. एकदाच. आवडला नाही म्हणून पुन्हा मोजायचं नाही.

एवढी खटपट का? छत्तीस आठवड्यांना साधारण छत्तीस सेंटिमीटर हे प्रत्येक मोजणारीला माहीत असतं. आकडे समोर दिसले की हात नकळत छत्तीसकडे सरकतो. खोटेपणा नसतो त्यात, मनाला अपेक्षित तेच बोटाला सापडतं. मग तो आकडा त्या बाईच्या स्वतःच्या तक्त्यावर मांडतात. तो तक्ता तिची उंची, सुरुवातीचं वजन, कितवं बाळंतपण आणि ती कुठल्या वंशाची हे बघून काढलेला असतो. बर्मिंगहॅमच्या पेरिनेटल इन्स्टिट्यूटने ही पद्धत रुजवली. पाच फूट बाईच्या बाळाला पावणेसहा फूट बाईच्या बाळाच्या मापात बसवायचं नाही, एवढाच त्यातला विचार, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. सोनोग्राफीच्या पडद्यावरही माप घेताना शेजारी आठवडे झळकत असतात, तिथेही हाच मोह असतो. आपल्याकडे कराडला टेप सुलटी धरतात म्हणून काही बिघडत नाही. पण माणूस आकड्यामागे कसा जातो हे त्या उलट्या टेपेवरून कळतं. आपल्या घरात बुधवारपासून तेच चाललंय: आत्याला आता पोटही मोठं दिसायला लागलं आणि आजीला छोटीची चालही जड वाटायला लागली.

रिपोर्टवरची दुसरी ओळ, ‘38 आठवडे 4 दिवस’. पाळीच्या हिशोबाने बुधवारी 36 आठवडे 5 दिवस झाले होते. यावरून ‘तारीख अलीकडे आली’ असा अर्थ बाबांनी काढला, तो बरोबर नाही. सरासरी 38 आठवडे 4 दिवसांच्या बाळाची मापं अशी असतात, एवढंच ती ओळ सांगते. तारीख ठरते पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने, कारण त्या वयाला सगळी बाळं जवळपास सारख्याच आकाराची असतात आणि चूक पाच-सात दिवसांची असते. शेवटच्या महिन्यात तीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. पाळीच्या हिशोबाची 28 नोव्हेंबर हीच तारीख धरून चाला. मशीनने 15 नोव्हेंबर छापली तरी ती वहीत लिहू नका.

आता सिझरचं. मी इथे बसून तिथल्या डॉक्टरांच्या विरुद्ध बोलते आहे असं समजू नका. त्यांनी छोटीला हात लावून तपासलंय, मी फक्त फोटो पाहिलाय. त्यांनी ‘सिझर लागू शकेल’ म्हटलं आहे, ‘करायचंच’ म्हटलेलं नाही. मोठ्या बाळाची खरी भीती असते खांदा अडकण्याची: डोकं बाहेर येतं आणि खांदा हाडामागे राहतो. वजन वाढलं की हा धोका वाढतो हे खरं. पण खांदा अडकलेल्या बाळंतपणांपैकी जवळपास निम्मी बाळं चार किलोच्या आतली असतात, म्हणून नुसत्या वजनावरून ते आधी सांगता येत नाही. ‘बाळ मोठं वाटतंय’ असं सांगितलेल्या जवळपास 2900 बायकांवर इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्समध्ये मोठा अभ्यास झाला, 2025 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 38 व्या आठवड्यात कळा सुरू करून दिलेल्यांत शंभरात 2.3 जणींच्या बाळाचा खांदा अडकला, नेहमीसारखी देखभाल झालेल्यांत 3.1. म्हणजे मुद्दाम घाई केली नाही तरी शंभरातल्या सत्याण्णव जणींचं अडकलं नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना फक्त अंदाजी वजनावरून सिझरचा विचार करायला सांगते तो 5000 ग्रॅमपासून, आईला साखर असेल तर 4500 पासून. आपल्याकडच्या बायका चणीने लहान, त्यामुळे तिथले डॉक्टर अलीकडेच सावध होतील आणि तो त्यांचा निर्णय. पण 3416 हा त्या आकड्यांच्या जवळपासही नाही. खरोखर मोठ्या बाळाचं वजन सूत्र कधी कधी कमी दाखवतं, हेही तुमच्यापासून लपवत नाही. चूक दोन्ही बाजूंना होते.

पुढच्या तपासणीला जावईबापूंनी एवढं विचारावं: डोकं खाली बसायला लागलंय का; कळा आपोआप आल्या तर नॉर्मलचा प्रयत्न करू द्याल का; रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर किती वेळात येतात; खांदा अडकला तर सांभाळायची तिथल्या नर्सेसना सवय आहे का. त्यासाठी आईच्या मांड्या पोटाकडे घट्ट दुमडतात आणि ओटीपोटाच्या हाडाच्या वरून दाबतात, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं. हे प्रश्न विचारले म्हणून चांगले डॉक्टर रागावत नाहीत. आणि या सगळ्यानंतरही ते सिझर म्हणाले, कारण सांगितलं, तर मनात किंतु न ठेवता सही करा.

आत्या म्हणतात की आईने तूप आणि बदाम खाऊ घातले म्हणून बाळ फुगलं. आई, हे मनावर घेऊ नकोस. बाळ अंगाने भरतं ते मुख्यतः आईच्या रक्तातली साखर वाढलेली असेल तेव्हा, आणि तेव्हा पोट व खांदे डोक्याच्या मानाने जास्त भरतात. छोटीची 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी झाली होती, दोन तासांनी साखर 128 होती, मर्यादा 140 ची. ती सहाव्या महिन्यातली, म्हणून डॉक्टरांना आता पुन्हा एकदा बघायची का एवढं विचारा. आणि ‘वजन जास्त म्हणजे मुलगा’ ही चर्चा कृपा करून थांबवा. छोटी ऐकत असते.

वजनापेक्षा लक्ष ठेवायचं ते बाळाच्या हालचालीवर. तिला रोज जशी जाणवते त्यापेक्षा कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सरबत पाजून सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी निघायचं. गाडी कुणाची ते आजच ठरवून ठेवा.

बाबा, तुमच्या खात्यावर 80,000 पाठवले आहेत, सोमवारपर्यंत दिसतील. परत पाठवायचे नाहीत. एफडी मोडायची नाही. पहिलं बाळंतपण माहेरी आणि थोरली घरात नाही; डिंकाचे लाडू आई एकटी वळणार, रात्री आजी जागणार, आणि मी इकडून पैसे पाठवणार. याहून जास्त सध्या मला करता येत नाही, आणि ते मला बोचतं. इथे सगळं ठीक आहे, खरंच.

भाऊच्या लग्नाची फेब्रुवारीतली तारीख कळली. मुलीकडच्यांना हो सांगा, माझ्यासाठी मुहूर्त पुढे ढकलू नका. रजा एकदाच मिळेल, दोन आठवड्यांची, ती लग्नाला धरून काढते; बारशाला येता येणार नाही. छोटीला हे मीच सांगेन, तुम्ही नको. मानपानाच्या साड्यांचे पैसे वेगळे पाठवते. माझ्या स्थळाबद्दल आल्यावर बोलू. आई, मी नाही म्हटलेलं नाही.

एक काम राहिलं. छोटीची बाराव्या आठवड्यातली पहिली सोनोग्राफी पुण्याला झाली होती, ती फाइल सासरीच आहे. जावईबापूंना शोधून फोटो पाठवायला सांगा, दोन्ही पानांचा. पाळीची तारीख आणि त्या रिपोर्टची तारीख यांत आठवड्याच्या आतला फरक असेल तर 28 नोव्हेंबर पक्की. जास्त असेल तर डॉक्टरांना तो रिपोर्ट दाखवा, कारण मग 36 आठवडे 5 दिवस हा हिशोबच बदलतो आणि बाळ मोठं आहे की नाही हा प्रश्न पहिल्यापासून मांडावा लागेल.

तुमची,
थोरली