खड्डे उघडे आहेत तोवरच बघा!

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्या परभणीकडं बांधकामाचा सीझन सुरू होतो आणि तुमच्या पेपरात सिमेंटच्या मोठमोठ्या जाहिराती येतात. लोकं मग मला पण तेच विचारतात, कुठलं सिमेंट घेऊ, ५३ ग्रेड (जास्त ताकदीचं साधं सिमेंट) घेऊ का पीपीसी (राख मिसळलेलं). माती कसली आहे हे मात्र कुणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

आमची जमीन काळी कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा तर अशा पडतात की हात आत जातो. मी घर बांधलं तेव्हा एप्रिल महिना होता, माती दगडासारखी कडक लागली, ठेकेदार म्हणाला पाया चार फुटात भरपूर झाला, आणि मी पण मान हलवली. वर अजून एक चूक केली, खड्ड्यातून निघालेली तीच काळी माती जोत्यात भरली, का तर मुरूमाच्या ट्रॉलीचे पैसे वाचतात. दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, फरशी मधी उचलली आणि मागचं दार पावसाळ्यात घासायला लागलं. सिमेंट चांगल्या कंपनीचं होतं बरं का! पण खालची मातीच हलायला लागल्यावर भिंत कशी थांबणार?

काळी माती चार-पाच फूटच असेल तर सगळी काढून टाका अन् घट्ट मुरूमावर फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद काँक्रीटचा तळ, घ्या. नदीकाठी माती फार खोल असते, तिथं इंजिनिअरला अंडररीम पाईलचं विचारा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं यावर बरंच काम केलंय, हा पाईल म्हणजे तळाशी कांद्यासारखा फुगीर असलेला काँक्रीटचा खांब, किमान साडेतीन मीटर खोल, म्हणजे वरची माती फुगली-आकसली तरी खालचा गड्डा जागा सोडत नाही. खर्च वाढतो हे खरंय पण नंतर भिंती पाडायची वेळ आली तर तो खर्च किती होईल याचा पण हिशोब करा.

आता काँक्रीटचं. आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या कामाला, कमीत कमी एम २० दर्जाचं काँक्रीट, म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, गडबड पाण्यात होते. ५० किलोच्या पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी पुरतं आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी, पण मिक्सरवाला डायरेक्ट पाईपच सोडतो कारण माल पातळ झाला की पसरायला सोपा जातो. ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, आत पोकळ्या राहतात, काँक्रीट आकसतं आणि चिरतं. म्हणून मोजून बादली ठेवा आणि स्वतः तिथं उभं राहा, एक दिवस कामावर सुट्टी टाका पण उभं राहा. क्रश सँडमधे (दगड दळून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त असली तरी मिस्त्री पाणी वाढवतो, तेव्हा वाळू मुठीत घेऊन बघा. फुटिंगच्या सळईखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई तळापासून उचलून धरणारे ठोकळे, पाहिजेत, विटेचा तुकडा नाही. उन्हाळ्यात काम असेल तर ओली पोती टाकून १४ दिवस पाणी मारा, आमच्याकडं तिसऱ्या दिवशीच बंद करतात.

साहेब, विनंती एवढीच आहे की पहिल्या पानावर जाहिरात छापताना आतल्या पानावर मातीबद्दल दोन कॉलम छापा. आणि घरकुलाच्या इंजिनिअर मंडळींनी पीसीसी, म्हणजे खड्ड्याच्या तळाचा साध्या काँक्रीटचा थर, पडायच्या आधी, खड्डे उघडे असताना एक चक्कर मारावी. जोतं झाल्यावर फोटो काढला तर खाली काय भरलंय ते फोटोत कुठं दिसतं?

माझ्या घराचं म्हणाल तर न्हाणीचं पाणी घराच्या पायाच्या मातीतच मुरत होतं, ते पाईपनं लांब काढलं, घराभोवती मीटरभर रुंद फरशी ढाळ देऊन केली. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवली होती, भेग वाढली की ती तडकते. पहिल्या दोन तडकल्या. तिसरी यंदाच्या पावसाळ्याआधी लावली होती, ती अजून शाबूत आहे.

आपला,
एक वाचक, परभणी जिल्हा