दोन नोव्हेंबरपूर्वी दफनभूमीत दिवे लागावेत

महोदय,
ऑक्टोबर हा आम्हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. सांगली-मिरजेत संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी मंडळी जमतात, मराठीतून जपमाळ म्हणतात. मग चहा आणि उसाच्या तोडीच्या गप्पा. परतीचा पाऊस आला तरी सहसा खाडा होत नाही. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन. त्या दिवशी घरोघरची माणसे आपल्या थडग्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. फादर पवित्र पाणी शिंपडतात. नुकताच पितृपक्ष पाळलेल्या शेजाऱ्यांना यात काही नवल वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. पावसाळ्यानंतर दफनभूमीत कमरेइतके गवत माजते, सापकिरडाची भीती असते आणि अंधार पडला की वाट दिसत नाही. गवत आमची तरुण पोरे विळे घेऊन कापतीलच (निम्मा वेळ सेल्फीत जातो, ते सोडा). कापलेले गवत न्यायला एक गाडी आणि बंद पडलेले दिवे, एवढे संबंधितांनी बघावे.

पुढे आगमनकाळ (नाताळआधीचे तयारीचे आठवडे) आणि नाताळच्या कॅरोलची तालीम आमची आम्ही पाहू. ढोलकीवाला तेवढा अजून मिळालेला नाही.

– एक वाचक, सांगली