वर्दीवरचा बिल्ला कुणालाही विकत मिळू नये

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस
सविनय जय हिंद.

माझे पती पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या वर्दीवरचे बिल्ले मीच शिवत आले. लान्स नाईकची एक फीत, नाईकच्या दोन, हवालदाराच्या तीन. बढती झाली तेव्हा नव्या फिती मिळेनात, म्हणून जुन्या दोन फितींखाली त्याच रंगाच्या कापडाची तिसरी रात्री बसून टाचली. खांद्यावरच्या पितळी अक्षरांची पिन टोचायची, तिथे आतून जुन्या पट्ट्याचं चामडं लावलं. नावाची पट्टी एका शर्टावरून दुसऱ्यावर नेता यावी म्हणून वेल्क्रो शिवला. क्वार्टर्समधल्या कित्येक बायका हेच करायच्या.

माझी ती तिसरी फीत अर्धं बोट तिरकी बसली होती. परेडआधीच्या तपासणीत त्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. साहेबांचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. फीत सरळच हवी. मी ती उसवून पुन्हा शिवली.

पण जिच्यासाठी जवानाला इतकं काटेकोर राहावं लागतं, ती फीत बाहेर कुणालाही मिळते. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी बाजारातून कॅप्टनचे तीन स्टार, पॅराशूटचे पंख आणि ‘बलिदान’ बिल्ला आणला. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. बलिदान बिल्ला फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसचा, म्हणजे लष्कराच्या खास कमांडोंचा. २०१९च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्ह्जवर तो दिसला तेव्हा देशभर चर्चा झाली. आज तो मोटरसायकलींच्या टाकीवर चिकटवलेला दिसतो. मुलांच्या मनात अभिमानच असतो, हे मला कळतं. पण जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर आलेले दहशतवादीही लष्करी वर्दीतच होते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये सैनिक नसताना तसा वेश करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मात्र लोकांनी आपल्याला सैनिक समजावं हा हेतू सिद्ध व्हावा लागतो. विकणाऱ्यापर्यंत हे कलम पोचत नाही. २०२२ साली लष्कराने नव्या लढाऊ गणवेशाच्या डिझाइनची नोंदणी करून घेतली, नक्कल शिवणाऱ्यांना समज दिली. कापडाची घेतली तशी काळजी बिल्ल्यांचीही घ्या, एवढंच मागणं आहे.

दुकानदारांवर छापे घालून हे सुटणार नाही. गणवेशाचा भत्ता रोख मिळतो. २०१७ साली जवानासाठी तो वर्षाला १०,००० रुपये ठरला. पैसे हातात मिळाले, म्हणजे फीत उसवली की जवान बाजारातच जाणार. म्हणून आधी प्रत्येक युनिटच्या स्टोअरमध्ये टिकाऊ, धुतल्यावर रंग न सोडणारे बिल्ले पुरेसे ठेवा. बढतीच्या दिवशी नवी फीत हुकमासोबतच हातात द्या. मग बाहेरच्या विक्रीला ओळखपत्र आणि नोंदवही सक्तीची करा. आणि घरी शिवलेल्या टाक्याला नकली मालाच्या पंगतीत बसवू नका. तो टाका वर्दी नीट दिसावी म्हणूनच घातलेला असतो.

भाच्याने आणलेला संच मी त्याच्याकडून काढून घेतला आहे. तो फेकवत नाही, घरात ठेववत नाही. कुठे जमा करायचा, हे कृपया कळवावं.

आपली नम्र,
एक सैनिकपत्नी
जि. सातारा