शेवाळ कोणते, केव्हा कापले?

मा. संपादक,
स. न.

संत्र्याच्या आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत धरणारा फुलोरा) समुद्री शेवाळाच्या अर्काची फवारणी सुचवणारा मजकूर आपल्या शेतीविषयक पानावर वाचला. आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात हा अर्क कोणत्याही कृषी केंद्रात मिळतो. मात्र शेवाळ कोणते आणि कोणत्या महिन्यात कापलेले, हे बाटलीवर क्वचितच लिहिलेले असते आणि आपल्या मजकुरातही ते नव्हते.

हे शेवाळ बारमाही सारखे नसते. कोकण किनाऱ्यावरील सरगॅसम या तपकिरी शेवाळाची खडकाला चिकटलेली बैठक आणि आखूड खोड वर्षानुवर्षे टिकते. पावसाळा ओसरला की त्यातून लांब फांद्या फुटतात, हवेच्या बारीक फुग्यांमुळे त्या पाण्यात उभ्या राहतात आणि हिवाळ्यात वाढ भरात आल्यावर पानांच्या बेचक्यांत लहान, गाठाळ जननशाखा धरतात. त्यांतून बाहेर पडलेली अंडी फलित झाल्यावरही काही काळ त्याच शाखेला चिकटून राहतात, तिथेच रुजवणीचे तंतू काढू लागतात आणि मग बहुधा जवळच्याच खडकावर जाऊन बसतात. उन्हाळ्यापर्यंत फांद्या झडून जातात. म्हणून खडक खरवडून काढला, तर तिथे नवी रोपे लांबून येण्याची आशा थोडीच. तुटून तरंगत आलेली एखादी फळती फांदी लागली तर लागली. लसूणघासासारखा बुडखा राखून, आणि तेही जननशाखा रिकाम्या झाल्यावर कापणी केली, तर पुढच्या हंगामात तेच शेवाळ पुन्हा फुटते.

परदेशी अर्कांत बहुधा वापरले जाणारे उत्तर अटलांटिकमधील ॲस्कोफायलम तर फारच संथ वाढते. त्याच्या मुख्य फांदीवर वर्षाला साधारण एकच फुगा येतो, त्यामुळे फुगे मोजून फांदीचे वय सांगता येते. शिवाय तपकिरी शेवाळांतील अल्जिनेट (चिकट घटक), मॅनिटॉल (साखरेसारखा घटक) यांचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते. असे असताना सर्व बाटल्यांना पंपामागे एकच मात्रा सांगणे मला पटत नाही. ('टॉनिक' म्हणून खपणाऱ्या प्रत्येक बाटलीत शेवाळ असतेच, असेही नाही.)

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २०२१ साली जैव-उत्तेजकांची, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या पदार्थांची, तरतूद झाली आणि शेवाळाचे अर्कही तिच्या कक्षेत आले. त्या चौकटीत शेवाळाची जात, किनारा आणि कापणीचा महिना लेबलवर छापणे कृषी खात्याने बंधनकारक करावे आणि आपल्या पानावरही फवारणीचा सल्ला देताना निदान जात नमूद करावी, ही विनंती.

आपला,
एक संत्रा उत्पादक, ता. वरुड, जि. अमरावती