तांबूच्या डॉक्टरबाईंना जाहीर पत्र

नमस्कार डॉक्टर,

नाव लिहायचं नाही अशी तुम्हीच तंबी दिलीत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. आमच्या गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या निम्म्या बायकांच्या घरी मांजर आहे, आणि आमच्या भगव्या बोक्याचा, तांबूचा, शिवलेला डोळा बघून प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, "अगं बाई, बोक्यांशी भांडला की काय?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसले तर चक्की बंद ठेवावी लागेल. तेव्हा एकदाच लिहून टाकते. त्यांनाही कळेल आणि तुमचे आभारही मानून होतील. तुमच्या दवाखान्यात ते नीट जमलंच नव्हतं. तुम्ही लगेच पुढच्या पेशंटला हाक मारलीत.

तांबूचे डोळे पिवळेधमक. त्यामुळे डाव्या बुबुळात, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीत, बाहुलीच्या खालच्या अंगाला मोहरीएवढा तपकिरी ठिपका उमटला तो लगेच नजरेत भरला. मग त्याच्या बाजूला आणखी दोन बारीक. डोळा लाल नाही, पाणी नाही, तांबू मिचकावतही नव्हता. आधी एका ठिकाणी दाखवला होता. तिथे टॉर्चसुद्धा हातात न घेता सांगितलं, "कॅन्सर आहे, डोळा काढून टाका." घरी आल्यावर शेजारच्या काकांनी त्यांच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप्स आणून दिले. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण ती बाटली तुम्हाला दाखवली तेव्हा तुमच्या कपाळावर उमटलेली आठी मला अजून दिसते. त्यात स्टेरॉइड होतं, आणि मांजराच्या डोळ्यावर जखम असेल तर असल्या थेंबांनी ती आणखी चिघळते, हे तुम्ही काकांना फोनवर समजावून सांगितलंत. काका त्या दिवसापासून तुमचे भक्त झालेत.

वाईहून स्वारगेटला एसटीने मांजर नेणं हे काय प्रकरण आहे ते ज्याने नेलंय त्यालाच ठाऊक. खंबाटकी घाट संपेपर्यंत तांबू टोपलीतून असा गळा काढत होता की कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. तुमच्या टेबलावर मात्र चिडीचूप. तुम्ही आधी डोळा पाहिलाच नाहीत. त्याचा वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचललात आणि मला जवळ बोलावलंत. हिरड्यांवर, ओठाच्या कडेला काळे चपटे ठिपके. भगव्या मांजरांना वयाप्रमाणे ओठांवर, नाकावर, पापण्यांच्या कडेला असे डाग येतात, ते निरुपद्रवी असतात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही, म्हणालात. बुबुळावरचेही ठिपके पुष्कळदा असेच नुसत्या रंगाचे असतात, त्याला मेलॅनोसिस म्हणतात. पण ओठावरच्या ठिपक्याला विसरलं तरी चालतं, डोळ्यातल्याला नाही. मांजरांच्या डोळ्यात सुरू होणाऱ्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी गाठ, बुबुळाचा मेलॅनोमा म्हणजे रंगाच्या पेशींचा कॅन्सर, सुरुवातीला हुबेहूब अशीच दिसते.

मग दिवे घालवलेत, तो पट्टीसारखा उजेड पाडणारा सूक्ष्मदर्शक पुढे ओढलात आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. थेंब टाकून डोळा बधिर केलात, पेनाएवढं यंत्र डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या पडद्याला टेकवून डोळ्यातला दाब मोजलात. दाब २५ च्या आत, म्हणजे ठीक. बाहुली गोल आणि दोन्ही डोळ्यांत सारखी. ठिपके सपाट. हे सगळं झाल्यावर जे बोललात त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुम्ही म्हणालात, "आज मला सांगता येणार नाही. जगात कुणालाच नुसतं बाहेरून बघून सांगता येणार नाही. बुबुळाचा तुकडा काढायचा तर डोळ्याला धोका, आणि एवढ्याशा तुकड्यात नेमकं कळेलच असंही नाही. डोळा काढून टाकला आणि तो नुसता डाग निघाला, तर एक चांगला बघणारा डोळा फुकट गेला. आपण थांबू, पण डोळे उघडे ठेवून थांबू."

आमच्या ह्यांना ते पटलं नाही. एवढे पैसे खर्चून पुण्याला जायचं आणि "सांगता येत नाही" ऐकून यायचं? मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली. खोटा धीर नाही आणि खोटी भीतीही नाही, असं बोलणारी माणसं दवाखान्यात फार भेटत नाहीत. माणसांच्याही.

थांबायचं कसं, तेही शिकवलंत. दर महिन्याला मोबाइलवर फोटो, दुपारच्या उजेडात, खिडकीपाशी. उन्हात बाहुली बारीक रेघ होते आणि सगळं बुबुळ उघडं पडतं. अंधारात बाहुली पसरली की ठिपके लपतात. फ्लॅश नको. एक फोटो समोरून, एक कडेने, म्हणजे डाग वर उचलला गेलाय का ते कळतं. दुसऱ्या डोळ्याचाही काढायचा, तुलनेला. आमच्या मुलाने फोनमध्ये "तांबू डोळा" असा वेगळा अल्बमच केला, आणि पाहुणे आले की लग्नाचे फोटो शोधता शोधता हेच पुढे येत.

पहिलं दीड-दोन वर्ष काही विशेष घडलं नाही. दर काही महिन्यांनी तुमच्याकडे दाब, सूक्ष्मदर्शक, परत. मध्येच गल्लीतल्या एकाने सांगितलं की त्याच्या कुत्र्याच्या डोळ्यातही असाच काळा डाग आहे आणि त्याच्या डॉक्टरांनी काळजी करू नका म्हटलंय, मग तुम्हीच कशाला खेपा घालता? तुम्हाला विचारलं तर उत्तर तयार होतं. कुत्र्याच्या बुबुळातली अशी गाठ बहुतेक वेळा जागच्या जागी राहते, मांजरातली अंगभर पसरू शकते. कुत्र्याचा नियम मांजराला लावायचा नाही.

मग त्या पावसाळ्यात ठिपके एकमेकांत मिसळले. कडेने काढलेल्या फोटोत मला पहिल्यांदा दिसलं की तो भाग आता गुळगुळीत नाही, मखमलीसारखा फुगीर आहे. उन्हातही बाहुलीची रेघ सरळ येईना, एका बाजूने खेचल्यासारखी वाकडी. फोटो रात्री पाठवला, सकाळी तुमचाच फोन. "आता थांबायचं नाही." आवाज तोच, पण आधी कधी न ऐकलेला ठामपणा.

तेव्हा कागदावर डोळ्याचं चित्र काढून दाखवलंत. बुबुळाच्या मुळाशी, जिथून डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपतं, तिथे या पेशी जाऊन बसतात. पाणी तुंबतं, दाब चढतो, काचबिंदू होतो आणि डोळा ठणकायला लागतो. त्या टप्प्यापर्यंत वाट पाहिली तर रोग यकृतात, फुप्फुसात पोचलेला असण्याची शक्यता बरीच वाढते. तांबूचा दाब अजून चढला नव्हता, म्हणजे आपण त्या उंबऱ्याच्या अलीकडे होतो. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी आधी करून घेतलीत, दोन्ही स्वच्छ आल्यावरच ऑपरेशन. काढलेला डोळा लॅबला पाठवायचा खर्च मला वायफळ वाटेल हे ओळखून तुम्हीच आधी सांगितलंत की नक्की काय होतं ते आता फक्त त्यातूनच कळणार. रिपोर्ट आला: मेलॅनोमा, बुबुळापुरता. बिलाचे दोन हप्ते करून दिलेत, आणि कंपाउंडर दादांनी दुसऱ्या हप्त्याची आठवण एकदाही केली नाही, याचाही उल्लेख करायलाच हवा.

गळ्यातल्या त्या प्लॅस्टिकच्या कॉलरने तांबूने आमच्या घरातली तीन भांडी खाली पाडली आणि सासूबाईंचा बराच शब्दसंग्रह बाहेर आला. सुरुवातीला उडी चुकायची. गव्हाच्या पोत्यावर जायचा आणि अर्ध्यावर लटकायचा. आता आधी मान डावीकडे वळवून अंदाज घेतो आणि मग झेपावतो. उंदीर पूर्वीइतकेच धरतो. मला तर वाटतं, जास्तच.

पसरण्याची भीती वर्षानुवर्षं राहते, कधी ऑपरेशननंतर बऱ्याच काळानेही यकृतात सापडतं, हे तुम्ही लपवलं नाहीत. म्हणून सोनोग्राफीच्या तारखा आमच्या कॅलेंडरवर एकादशीच्या शेजारी लिहिलेल्या आहेत. उजव्या डोळ्याचे फोटोही चालूच आहेत. त्यात सध्या एक फिकट ठिपका आहे, सपाट. मागच्या महिन्यातल्याइतकाच. पाठवलाय तुम्हाला.

पुढच्या तारखेला येताना ज्वारीचं ताजं पीठ आणि वाईची हळद आणते. मागच्या वेळी "कशाला, कशाला" करत पिशवी परत दिलीत. या खेपेला ती काउंटरवर ठेवून मी सरळ स्वारगेट गाठणार आहे.

तुमची,
तांबूची आई, गिरणीवाली