म्यूसच्या मठाचे अवशेष? कुठे आहेत?

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधील म्यूस येथील, सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधुपंथाच्या मठावर अर्धे पान दिल्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. यॉर्कशायरच्या पूर्व टोकाला, बेव्हर्ली गावाजवळच्या दलदलीत वसलेल्या या मठाची आठवण मराठी वृत्तपत्राला व्हावी, ही साधी गोष्ट नाही. आभार मानून झाल्यामुळे आता मूळ मुद्द्यावर येतो.

‘म्यूस मठाचे आजही दिमाखात उभे असलेले भग्नावशेष’ या ओळीसह आपण छापलेले चार स्तंभी छायाचित्र म्यूसचे नाही, ते रिपन गावाजवळच्या फाउंटन्स मठाचे आहे. त्यातील उंच चौकोनी मनोरा १४९५ ते १५२६ या काळात फाउंटन्सचे मठाधिपती असलेल्या मार्माड्यूक ह्यूबी यांनी उभारला असून, तो जागतिक वारसास्थळाचा भाग असल्यामुळे त्याची छायाचित्रे ढिगाने मिळतात. ११५१ साली म्यूसची स्थापना करायला साधू फाउंटन्सहूनच आले होते हे खरे, पण तेवढ्या नात्यावर एका मठाचे चित्र दुसऱ्या मठाच्या नावाने खपवता येत नाही. म्यूसला मनोरा नाही, कमान नाही, उभी भिंतही नाही. तिथे गवत आहे, गवताखाली चर आणि उंचवटे आहेत, आणि गुरे आहेत.

हे मी वाचीव माहितीवर सांगत नाही. त्या भागातील एका रुग्णालयात माझी उमेदीची वर्षे गेली. पुण्याहून आलेल्या थोरल्या मेहुण्यांना एकदा हौसेने मी ती जागा दाखवायला नेले होते. जमीन खाजगी असल्यामुळे कुंपणाबाहेर, बोचऱ्या वाऱ्यात उभे राहून मी त्यांना चर्च कुठे असेल, भोजनगृह कुठे असेल हे हातवारे करून सांगत होतो आणि ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “अरे, ही तर आपल्या गावची पांढर. हे बघायला एवढं पेट्रोल जाळलंस?” त्या दिवसापासून ‘याला फिरवायचं कळत नाही’ असा माझा लौकिक आमच्या नातेवाइकांत पसरला आणि टिकलाही. काल सकाळी साडेआठ वाजता त्यांचा फोन आला. पेपरात फोटो आलाय, एवढा मोठा मनोरा उभा आहे आणि तू आम्हाला चिखल दाखवलास, असे ते म्हणाले. छायाचित्र चुकले आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले की पेपरवाल्यांना जास्त कळतं की तुला. या प्रश्नाचे उत्तर आपण देऊ शकलात तर मी आभारी राहीन.

लेखकमहाशयांचे म्हणणे असे की, ‘एकांताच्या शोधात काही साधू या निर्जन भूमीत आले’. प्रत्यक्षात तिथे हरणांसाठी कुंपण पडत होते. ऑमालचा काउंट, म्हणजे सरदार, विल्यम ल ग्रो याने जेरुसलेमच्या यात्रेचा नवस केला होता, पण वय आणि देहाचा घेर या दोन्हींमुळे तो फेडणे त्याला जमेना. फाउंटन्सच्या अ‍ॅडम नावाच्या साधूने त्याला सुचवले की यात्रेऐवजी मठ बांधा, आणि पोपकडून तशी मोकळीकही मिळाली. जागा तू निवड, असे काउंटने औदार्याने सांगताच अ‍ॅडमने आपली काठी नेमकी त्या जमिनीत रोवली, जी काउंटने शिकारीच्या हौसेने नुकतीच मिळवली होती. काउंटने दुसरी जागा घे म्हणून बरीच मनधरणी केली, पण काठी हलली नाही. एवढा रसाळ प्रसंग सोडून ‘एकांताचा शोध’ लिहावासा वाटतो, याचे नवल वाटते.

परंतु मला खरी चीड आली ती शेवटच्या परिच्छेदाने. ‘या मठाचा इतिहास काळाच्या उदरात गडप झाला असून कोणी काही लिहून ठेवलेले नाही’, असे त्यात आहे. संपादक महोदय, इंग्लंडमधील फार थोड्या सिस्टर्शियन मठांचा इतिहास म्यूसइतका तपशिलाने लिहिला गेला आहे. १३९६ ते १३९९ या काळात मठाधिपती असलेल्या थॉमस बर्टन यांनी, वादात सापडलेले पद सोडल्यावर, मठाची कागदपत्रे चाळून लॅटिनमध्ये बखर लिहिली आणि ती एकोणिसाव्या शतकात तीन खंडांत छापलीही गेली. वर सांगितलेली काठीची गोष्ट तिच्यातलीच आहे. ही बखर केवळ पुण्यकथांची नाही. त्यात कर्जे आहेत, कज्जे आहेत, मेंढ्यांचे आकडे आहेत आणि १२९३ साली पहिल्या एडवर्ड राजाने विकत घेतलेल्या मठाच्या वाइक बंदराबद्दलची कुरकुर आहे, कारण बदल्यात मिळालेल्या जमिनींचे उत्पन्न साधूंना कमी वाटत होते. त्याच बंदराला १२९९ मध्ये सनद मिळाली आणि ते आजचे हल शहर झाले. १३४९ च्या प्लेगमध्ये मठाधिपतींसह सुमारे पन्नास जणांच्या मठात दहाच साधू उरले, हेही आपल्याला या बखरीमुळेच कळते.

त्या प्लेगमध्येच दगावलेले मठाधिपती ह्यू यांनी एक क्रूसमूर्ती घडवून घेतली होती. शिल्पकार फक्त शुक्रवारी, भाकरी-पाण्यावर राहून, तिच्या महत्त्वाच्या भागांना हात लावी आणि समोर एक विवस्त्र माणूस उभा करून त्याच्यावरून घडवी. मूर्तीपुढे चमत्कार घडू लागले, तेव्हा स्त्रियांनाही दर्शनाची मुभा मिळवण्यात आली. भक्ती वाढेल अशी अपेक्षा होती, पण बायका नुसत्या चर्च पाहायला येतात आणि पाहुणचाराचा खर्च मात्र आमच्या माथी बसतो, अशी नोंद बखरीत आहे. इतके काटेकोर गाऱ्हाणे मांडणाऱ्या माणसाविषयी ‘कोणी काही लिहून ठेवलेले नाही’ असे छापणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हातारपणी बिचाऱ्याची दृष्टीही गेली होती.

शेवटी दगडांविषयी. म्यूस १५३६ च्या कायद्याने बंद झाला, असे लेखात म्हटले आहे, पण ते खरे नाही. तो कायदा वार्षिक दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाच्या मठांसाठी होता आणि म्यूसचे उत्पन्न तीनशेच्या घरात होते, म्हणून तो १५३९ पर्यंत तगला. नंतर आठव्या हेन्रीने हलच्या संरक्षणासाठी नदीच्या पूर्व तीरावर किल्ला आणि बुरूज बांधायला काढले, तेव्हा मठाचा दगड तिकडे वाहून नेण्यात आला. साधूंनी वसवलेल्या बंदराच्या तटबंदीत साधूंचाच मठ गेला आणि पुढे एकोणिसाव्या शतकात ती तटबंदीही पाडली गेली. आपण छापलेले ‘भग्नावशेष’ म्हणून कुठून येणार? मठाच्या स्वतःच्या भट्टीत भाजलेल्या सुबक फरशा उत्खननात सापडल्या आहेत. छायाचित्र हवेच होते तर त्यांचे चालले असते.

एक आनुषंगिक विनंती. गेल्या वर्षी माझे पत्र आपण छापलेत, पण ते असे कापलेत की ज्या मताला मी विरोध केला होता, त्याचाच मी पुरस्कर्ता ठरलो आणि मला अभिनंदनाचे फोन आले. या वेळी जागेची अडचण असेल तर हेन्री राजाचा मजकूर खुशाल गाळावा, तो वाचकांना अन्यत्रही मिळेल. थॉमस बर्टन यांना मात्र हात लावू नये. छायाचित्राबाबतचा खुलासाही शब्दकोड्याच्या उत्तरांखाली मुंगीच्या अक्षरांत न देता पुढच्या रविवारी पुरवणीतच, ठळक टाइपात द्यावा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त डॉक्टर, पुणे